सुमनताईंचा अधिक महिना

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी भागातल्या दत्ताच्या देवळात गोपाळकृष्ण गुरुजींनी चौतीस वर्षं पूजा केली. इतक्या वर्षांत त्यांची मान देवापुढे रोज वाकली, पण ती सवयीने. माणसापुढे ती पहिल्यांदा आपोआप वाकली तेव्हा गुरुजींनी साठी ओलांडली होती, आणि समोरचं माणूस होतं अस्पतालातली एक निवृत्त आया. सुमनताई भोइटे.

त्याआधी सुमनताई म्हणजे गुरुजींच्या लेखी एक कटकट होती. कंपू भागातल्या एका मोठ्या अस्पतालात त्यांनी एकतीस वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काम केलेलं. त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी नवरा, महिपतराव, गेला. मग त्या देवळाच्या महिला भजनी मंडळात येऊन बसल्या त्या बसल्याच. सूर त्यांचा कधी लागला नाही. बाकीच्या बायका गात त्याच्या वीतभर वरून त्यांचा आवाज चालायचा, आणि टाळ एक मात्रा मागे. पेटी लीलाताईंची. लीलाताई म्हणजे देवळाच्या समितीचे अध्यक्ष दिनकरराव यांच्या पत्नी. बोटं गोड, बोलणं जवळजवळ नाहीच. सुमनताईंचा आवाज चढला की लीलाताई पेटीचा भाता जोरात मारून तो झाकून टाकत.

"त्यांना प्रसादाचं बघायला सांग ना," गुरुजींनी एकदा आपल्या बायकोला, शरयूला, सुचवून पाहिलं. "गाण्यातच कशाला पाहिजे?"

"तुम्हीच सांगा," शरयू म्हणाली.

ते राहून गेलं. सुमनताईंना काही सांगायचं म्हटलं की गुरुजींना एकदम दुसरं काम आठवायचं.

दिनकररावांचा मुलगा समरजीत याचं लग्न गुरुजींनीच लावलं होतं. एका बिल्डरच्या ऑफिसात इंजिनिअर, दिसायला रुबाबदार, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा मुलगा. सून झाशीची, गरिमा, बी.एस्सी. झालेली, हसरी, मराठी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरणारी. लग्नानंतर दीड-दोन वर्षांनी एका दुपारी ती एकटीच देवळात आली होती. डोक्यावरून पदर घेतलेला. देवळात कोणी नव्हतं.

"गुरुजी, घरात शांती नाहीये," ती म्हणाली. "हे खूप रागावतात. मतलब, हात उठ जाता है." बोलताना पदर सरकला. कानाखाली सूज होती, जांभळी.

गुरुजींनी ती पाहिली. मग नजर वळवून ते म्हणाले, "सात दिवसांचं पारायण कर पोथीचं. सोवळ्यानं कर, एक वेळ जेवून. महाराज सद्बुद्धी देतील त्याला."

तिने केलं. आठव्या दिवशी प्रसाद घेऊन आली, गुरुजींच्या हातावर पेढा ठेवला, नमस्कार केला आणि गेली. गुरुजींनी तो पेढा खाल्ला. पुढे काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, आणि ती पुन्हा एकटी आली नाही. सासूबरोबर मंगळवारच्या भजनाला यायची, मागे बसायची.

मग दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. भजन संपून बायका पांगल्या होत्या, गुरुजी गाभाऱ्यात समई पुसत होते, तेवढ्यात सुमनताई खांबाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, दिनकररावांच्या सुनेचा हात बघितलात आज?"

"पडली ना ती परवा. लीलाताई सांगत होत्या."

"पडली नाही." सुमनताईंचा आवाज भजनात चढायचा तेवढा आता खाली होता. "पडलेलं माणूस जमिनीवर हात टेकतं. तळवा सोलवटतो, गुडघा फुटतो. आणि जे मार चुकवतं ना, ते असं करतं." त्यांनी कोपर वाकवून हात डोक्यासमोर धरला. "त्याला इथं लागतं. मनगटापासून वर, बाहेरच्या बाजूनं. मी एकतीस साल तेच धुतलं. 'बाथरूम में फिसल गई' म्हणायच्या सगळ्या, आणि तळवे एकदम साफ. एकीला मी तीनदा पट्टी बांधली, गुरुजी. चौथ्यांदा तिला चादरीत गुंडाळून आणलं. तिला मी एकदाही काही विचारलं नव्हतं. आयाचं काम नाही ते, असं मला वाटायचं."

गुरुजी समईच पुसत राहिले.

"तुमच्याकडे आली होती का ती कधी? काही बोलली?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "मला काहीच माहीत नाही."

सुमनताईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. गुरुजींच्या हातातलं फडकं तेलानं निथळत होतं. देवाच्या गाभाऱ्यात उभं राहून आपण खोटं बोललो, हे त्यांना घरी जाऊन जेवायला बसल्यावर कळलं.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. अधिक महिना म्हणजे पुण्यकर्माचा. मंडळ त्यात रोज भजन करतं. महिना लागायच्या आठ दिवस आधी समितीची बैठक होती. बैठक संपता संपता सुमनताई दिनकररावांसमोर गेल्या.

"दिनकरराव, यंदा तीस दिवस भजन आहे. देवळाचं छत गळतंय, बायका बसणार कुठे? मी तर म्हणते, अध्यक्षांचा एवढा मोठा हॉल असताना दुसरीकडे कशाला जायचं?"

दिनकरराव खूश झाले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, मानाचा भुकेला. "आमचं भाग्यच म्हणायचं," ते म्हणाले. "रोज या. चहाचं आमच्याकडे."

"वेळ साडेपाच ते सात. आरतीला गुरुजी येतील."

गुरुजींनी पाहिलं, कोपऱ्यात बसलेल्या लीलाताईंनी मान वर केली, सुमनताईंकडे एकदा बघितलं आणि परत खाली घातली.

पहिल्या दिवशी गुरुजी आरतीची तयारी घेऊन दिनकररावांच्या घरी पोचले तेव्हा जिन्यापासून फाटकापर्यंत चपलाच चपला होत्या. मंगळवारच्या भजनाला पंधरा बायका जमल्या तरी खूप म्हणायच्या. इथं चाळीस होत्या. छावनीतल्या, पार दर्पण कॉलनीतूनसुद्धा ऑटो करून आलेल्या. आणि सुमनताई सगळ्यात पुढे न बसता मागे भिंतीशी, गरिमाच्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या.

सहा वाजून दहा मिनिटांनी समरजीत आला. दारात थबकला. बूट काढल्याशिवाय आत यायची सोय नव्हती आणि बायकांमधून वाट काढल्याशिवाय खोलीत जायची सोय नव्हती.

"ये बेटा, बस," सुमनताई म्हणाल्या. "आरती घेऊनच जा."

चाळीस माना त्याच्याकडे वळल्या. तो बसला. हात जोडून आरतीला उभाही राहिला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी गुरुजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑफिसातून येऊन जेवायला बसेपर्यंतचा, समरजीतचा हात उठण्याचा जो वेळ, त्या वेळाला या बाईनं भजन लावलं होतं. दाराशी आलेल्या भजनाला नाही म्हणेल असं मराठी घर ग्वाल्हेरात नव्हतं. आणि इथं तर यजमानांनी स्वतः मान म्हणून बोलावलं होतं.

गरिमा पहिले काही दिवस नुसती बसायची. लांब बाह्यांचा ब्लाउज, नजर सतरंजीवर. सुमनताई तिला काही विचारताना गुरुजींनी एकदाही पाहिलं नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी आपला टाळ तिच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः टाळ्या वाजवायला लागल्या. गरिमाने तो उचलला आणि मग तो तिच्याकडेच राहिला. तिचा ताल पक्का होता. आठवड्याभरात मागच्या रांगेला सगळ्या बायका तिच्या टाळाकडे कान ठेवून गाऊ लागल्या, आणि नवल म्हणजे सुमनताईसुद्धा मात्रेवर येऊ लागल्या.

चौदाव्या दिवशी गरिमा हॉलमध्ये नव्हती.

"तिला जरा कणकण आहे," लीलाताई पेटीकडे बघत म्हणाल्या.

गुरुजी त्या दिवशी लवकर आले होते, त्यामुळे पुढचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. सुमनताई उठल्या. आपल्याखालची सतरंजी त्यांनी गुंडाळून काखेत मारली, घरातल्या बोळातून आत गेल्या आणि गरिमाच्या खोलीच्या बंद दाराशी सतरंजी अंथरून बसल्या. दाराला पाठ टेकून. आणि आपल्या त्या बेसूर आवाजात त्यांनी अभंग सुरू केला. एकट्यांनी.

एक बाई उठली. मग दुसरी. मग शरयू. बघता बघता सगळा हॉल रिकामा झाला आणि बोळ भरला. कोणी भिंतीला टेकून, कोणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, कोणी नुसत्याच उभ्या. हॉलमध्ये पेटीमागे लीलाताई एकट्या उरल्या. दोघी जणी परत आल्या, त्यांनी पेटी दोन बाजूंनी उचलली आणि बोळाच्या तोंडाशी नेऊन ठेवली. लीलाताई पेटीमागोमाग गेल्या.

समरजीत आला. "मला आत जायचंय," तो म्हणाला. "कपडे बदलायचेत."

"आरती झाल्यावर जा," कोणीतरी गाता गाताच म्हटलं. सुमनताई नव्हत्या त्या. एरवी गुरुजींच्या समोर पदर नीट करणारी, तोंडातून शब्द न काढणारी एक बाई होती.

तो व्हरांड्यात जाऊन फोन बघत उभा राहिला. बोळात भजन चालू राहिलं. आणि तिसऱ्या अभंगाच्या मध्यावर बंद दाराच्या आतून टाळ वाजला. आधी एकदा, अडखळत. मग नेमका मात्रेवर. मग थांबलाच नाही. आत ती होती, बाहेर या होत्या, मधे फळीचं दार, आणि ताल एक. गुरुजी आरतीचं तबक हातात धरून ऐकत उभे होते. चौतीस वर्षं त्यांनी देवळात घंटा ऐकली होती. अशी कधी ऐकली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी शरयूला गाठलं. "तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे?"

"सगळ्यांना. सुमनताई महिना लागायच्या आधी घरोघर गेल्या होत्या. चाळीस घरं."

"चाळीस बायकांना ठाऊक आहे आणि छावनीत कोणी एक अक्षर बोललं नाही?"

"बोलायचं तिनं आहे, असं ठरलंय. आपण फक्त जायचं. ती म्हणेल तेव्हा म्हणेल, नाही म्हणाली तर नाही."

गुरुजी खाली बसले. मग म्हणाले, "शरयू, ती माझ्याकडे आली होती. मी तिला पारायण सांगितलं. सुमनताईंनी विचारलं तर मी नाही म्हटलं."

शरयू कपड्यांच्या घड्या घालत होती. ती थांबली नाही. "माहीत आहे. गरिमानंच सांगितलं त्यांना."

"मग त्या मला काही बोलल्या कशा नाहीत?"

"मी म्हटलं त्यांना, मी विचारू का? तर म्हणाल्या, नको, गुरुजींचीपण वाट बघू या."

त्यानंतर आरतीला जाताना गुरुजींना सुमनताईंच्या डोळ्यांत बघवेना. त्या मात्र रोजच्यासारख्याच, "या गुरुजी" म्हणून निरांजनाची वात सारखी करून द्यायच्या.

अधिक महिन्यात जावयाला वाण देतात. जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी असं मानून तेहतीस अनारसे, वर दिवा, सगळं तबकात घालून मंत्रपूर्वक द्यायचं. रीतीप्रमाणे लेक-जावयाला माहेरी बोलावतात, पण समरजीतनं दोन वर्षं गरिमाला झाशीला पाठवलं नव्हतं. तेव्हा तिचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले मधुसूदन, स्वतःच वाण घेऊन यायला निघाले. दिनकररावांनी तेविसावा दिवस ठरवला, भजनाच्याच वेळेला. चार लोकांनी बघितलं पाहिजे, ही त्यांची हौस.

गुरुजींनी पाट मांडला. समरजीत रेशमी कुर्ता घालून बसला. मधुसूदनांनी घरी तळलेले अनारसे पितळी तबकात रचून आणले होते. प्रवासात दोन-तीन मोडले होते, ते त्यांनी खाली लपवले होते. गरीब चेहऱ्याचा माणूस, जावयासमोर नकळत वाकून उभा.

"जावईबापू, उजवा हात पुढे करा," असं म्हणत गुरुजींनी पळीत पाणी घेतलं.

"पप्पा, देऊ नका."

आवाज मागच्या भिंतीकडून आला होता. गरिमा उभी होती. शेजारी सुमनताई बसलेल्याच होत्या. त्यांनी तिचा हातही धरलेला नव्हता.

"काय गं बेटा?" मधुसूदन गोंधळले.

"अनारसे देऊ नका यांना. हे मला मारतात, पप्पा." तिचा आवाज आधी कापला, मग सरळ झाला. "शादी के तीसरे महीने से. पट्ट्याने. एकदा इस्त्रीने." तिने दोन्ही बाह्या वर केल्या.

मधुसूदन तबक तसंच धरून तिच्याकडे वळले. "पण तू तर फोनवर रोज... सगळं ठीक आहे म्हणायचीस..."

"फोन स्पीकर पर रहता था, पप्पा."

समरजीत हसला. "दिमाग खराब झालंय हिचं. गुरुजी, तुम्ही चालू ठेवा."

आता सगळे गुरुजींकडे बघत होते. पळीतलं पाणी अजून सोडलेलं नव्हतं. त्या एका क्षणात गुरुजींना सगळं दिसलं: देवळामागच्या दोन खोल्या, ज्यात ते राहत होते आणि ज्या समितीच्या होत्या, पाटाशेजारी उभे असलेले समितीचे अध्यक्ष, आणि हातावर ठेवलेला तो पेढा. त्यांनी पाणी ताम्हनात परत ओतलं. मंत्राशिवाय.

"हे वाण माझ्या हातून होणार नाही," ते म्हणाले. "ही मुलगी खरं बोलते. माझ्याकडे आली होती ती, सुजलेला चेहरा घेऊन. मी बघितलं आणि तिला पोथी वाचायला पाठवून दिलं. पोथीचा दोष नाही, माझा आहे. मग मला विचारलं गेलं तर गाभाऱ्यात उभं राहून मी खोटं बोललो." ते गरिमाकडे वळले. "बाळा, मला क्षमा कर म्हणायचाही मला हक्क नाही. पण जिथं सांगायचं तिथं मी येऊन सांगेन."

"गुरुजी!" दिनकरराव ओरडले. "तुम्ही कुणाच्या घरात उभे आहात? घरातली गोष्ट आहे ही. चार भिंतींतली."

"चार भिंतींतच तर बसलोय आम्ही," सुमनताई पहिल्यांदा बोलल्या. "तेवीस दिवस झाले, दिनकरराव."

समरजीत पाटावरून उठला आणि गरिमाच्या दिशेने निघाला. दोन पावलं टाकली असतील. तेवढ्यात बायका उठल्या. ओरडल्या नाहीत, हात उगारला नाही, कोणी कोणाला खूणही केली नाही. चाळीस जणी एकदम उभ्या राहिल्या, सगळ्यांच्या बांगड्यांचा मिळून एक आवाज झाला, आणि समरजीत व गरिमा यांच्या मधे जागाच उरली नाही. तो थांबला. त्याच्या समोर होत्या त्या त्याच्या शाळेतल्या बाई, डाव्या हाताला त्याच्या मित्राची आई, आणि दोघीही त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या.

"जायचंय ना, जा," तो तिथूनच म्हणाला. "डिग्री, आधार, सगळे कागद माझ्याकडे आहेत. देखता हूँ कौन नौकरी देता है."

पेटीचा भाता मिटल्याचा आवाज आला. लीलाताई उठल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढत त्या आत गेल्या. कपाट उघडल्याचं ऐकू आलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात निळी प्लास्टिकची फाइल होती. बायकांनी वाट दिली. त्यांनी फाइल गरिमाच्या हातात ठेवली, तिच्या गालाला उलट्या बोटांनी स्पर्श केला.

"लीला!" दिनकररावांचा आवाज फाटला.

"अहो, आरती राहिलीय," त्या म्हणाल्या आणि परत पेटीशी जाऊन बसल्या.

आरती झाली. गुरुजींनी आयुष्यात हजारो आरत्या केल्या असतील. त्या संध्याकाळी त्यांना शब्द आठवेनात, बायकांच्या मागून म्हणावे लागले. मग गरिमा फाइल छातीशी धरून जिना उतरली. एका बाजूला वडील, मोडके अनारसे अजून हातात; दुसऱ्या बाजूला सुमनताई; मागे सगळं मंडळ. छावनीचा रस्ता भरून गेला. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. कसली मिरवणूक, म्हणून एकानं विचारलं, तर बायका चालतच राहिल्या.

त्या दिवशी ती सुमनताईंकडे राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनताईंनी तिला आपल्याच जुन्या अस्पतालात नेलं आणि डॉक्टरांकडून प्रत्येक खूण कागदावर लिहून घेतली. कुठल्या खिडकीतून कुठला कागद घ्यायचा हे त्यांना तोंडपाठ होतं. तिथून महिला थाना, तिथून घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे. गुरुजी प्रत्येक ठिकाणी गेले आणि गरिमा देवळात एकटी आली होती ती दुपार त्यांनी प्रत्येक ठिकाणी सांगितली. पहिल्यांदा सांगताना जीभ जड झाली. पाचव्यांदा सांगतानाही झाली.

सगळं गोड झालं असं नाही. कोर्टाचा आदेश मिळाला, समरजीतला तिच्या जवळ फिरकायला मनाई झाली, पण मूळ खटला अजून तारखांवर चालू आहे. गुरुजींना काढायचा ठराव समितीपुढे आला. बैठकीला मंडळातल्या बायका येऊन मागे बसल्या. मोजून चार माणसांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला आणि ठराव पडला. दिनकररावांनी तब्येतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं. पंधरा-वीस घरांनी गुरुजींना सत्यनारायणाला बोलवायचं बंद केलं, ते बंदच आहे. लीलाताई त्याच घरात राहतात. मंगळवारी पेटी वाजवायला येतात, त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत आणि त्यांना कोणी विचारतही नाही. निघताना सुमनताई मात्र त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जातात. दर मंगळवारी.

गरिमा दर्पण कॉलनीत भाड्याच्या खोलीत राहते, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सुरुवातीला दाराची बेल वाजली की तिचा हात आपोआप वर जायचा, असं शरयू सांगत होती. आता कमी झालंय.

एकदा देवळात गुरुजींनी सुमनताईंना विचारलं, "तुम्ही स्वतः... म्हणजे महिपतराव कधी तुमच्यावर..."

"छे हो!" सुमनताई हसल्या. "देवमाणूस होता. मी ड्यूटीवरून आले की चहा करून द्यायचा. सगळ्यांना हेच वाटतं बघा, की हिनं भोगलं असणार म्हणून ही पेटली. भोगलेल्यांनीच उठायचं का मग? त्यांना आधीच काय कमी काम आहे?"

गुरुजींची मान आपोआप वाकली ती तेव्हा. त्यांना ते जाणवलं, आणि लाजही वाटली नाही.

हल्ली गुरुजी लग्न लावतात तेव्हा सप्तपदीच्या आधी थांबतात. माइक जवळ घेतात आणि वधूला सगळ्यांसमोर सांगतात, "बाळा, सुखानं नांद. पण ज्या घरात तुझ्यावर हात उठेल तिथं नांदायचं बंधन तुझ्यावर कुठल्याही शास्त्रानं घातलेलं नाही. देवळात ये. तुला कोणी परत पाठवणार नाही." कोणी कुजबुजतं, कोणी हसतं. एका वरपित्यानं भर मांडवात, हे अशुभ आहे, म्हणून भांडण काढलं होतं.

गेल्या मार्गशीर्षात एका लग्नात त्यांनी हे म्हटलं आणि नेहमीसारखी चुळबुळ झाली. तेवढ्यात खाली बघत बसलेल्या नवरीनं मान वर केली. विहिणी, मामा, कॅमेरावाला, सगळे बघत असताना तिनं स्पष्ट आवाजात विचारलं, "गुरुजी, देऊळ बंद किती वाजता होतं?"

मांडव हसला. ती हसली नाही. नवरा मुलगाही हसला नाही. तोही उत्तराची वाट बघत गुरुजींकडे बघत होता.

"नऊला," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी क्षणभर विचार केला. "पण मागच्या बाजूला माझी खोली आहे. तिथलं दार वाजव. शरयू उघडेल."

"ठीक आहे," नवरी म्हणाली, पदर सावरून उभी राहिली आणि तिनं पहिलं पाऊल टाकलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन गुरुजींनी मागच्या दाराचा गंजलेला दिवा बदलून घेतला आणि तो रात्रभर चालू ठेवायचा, असं शरयूला सांगितलं.